माझं प्लास्टर मीच घालणार

४ फेब्रुवारी

आज फळीवरून पडलो. पडलो म्हणजे माझी चूक नाही. मेहुण्याने पीओपीचं घमेलं फळीच्या मधोमध ठेवलं होतं. घमेलं मीच मागितलं होतं, पण मधोमध ठेव असं म्हणालो नव्हतो. माणसाला स्वतःची अक्कल नको? इतकी वर्षं लोकांची छतं करतोय, कधी पाय घसरला नाही. उजवा तळहात फरशीवर आपटला, सगळं अंग त्यावर. मनगट सुजलंय. किरकोळ आहे.

डाव्या हाताने लिहितोय. रोजचं काम रोज लिहायची सवय एका मुरगळण्यापायी मोडणार नाही. अक्षर भयंकर आलंय. कोण वाचणार आहे?

सभागृहाचं काम अर्ध्यावर. मॅनेजर कॉर्निसला ‘ती वरची बॉर्डर’ म्हणतो. भिंत आणि छत भेटतात तिथे ओल्या मालावरून पत्र्याचा साचा एका दमात ओढायचा, मनगट जराही हलू द्यायचं नाही, तेव्हा कुठे ती नक्षी निघते. तिला बॉर्डर म्हणणारा माणूस सभागृहाचा मॅनेजर! असो. चारी भिंतींची कॉर्निस आणि छताच्या मधलं नक्षीचं मोठं गोल, सगळं माझ्याच हातून होणार. दुसऱ्या कुणाला जमतच नाही.

६ फेब्रुवारी

बायकोने डोकं खाल्लं म्हणून हॉस्पिटलात गेलो. एक्स-रे काढला. तिथला पोरगेला डॉक्टर म्हणाला, हाड मोडलेलं नाही. मी हेच परवापासून ओरडून सांगतोय. बायकोकडे बघितलं. ती भिंतीकडे बघत होती. पुढे दुखणं राहिलं तर हाताच्या डॉक्टरांकडे जा, असं काहीतरी तो म्हणाला, तोवर मी उठलो होतो.

क्रेप बँडेज गुंडाळलं. परवा कामावर.

११ फेब्रुवारी

आज स्टेजच्या डावीकडच्या खिडकीवरची कॉर्निस ओढली. बँडेज बांधून. मेहुणा म्हणत होता, दाजी राहू दे, मी ओढतो. राहू दे म्हणे! ज्याला थापी धरायला मी शिकवलं तो मला राहू दे म्हणतो.

अर्ध्यात मनगटात कट्ट असा आवाज झाला. थांबलो नाही. उस्ताद लोक थांबत नाहीत. खाली उतरून बघितलं, झकास! मेहुण्याला बजावलं, हा तुकडा नमुना म्हणून ठेव, बाकीचं याच्यासारखं झालं पाहिजे, आणि याला बोट लावशील तर खबरदार. त्याने त्यावर लेव्हल धरून बघितली. मग ती पुसून पिशवीत ठेवली. बोलायला होतं काय?

१२ फेब्रुवारी

दुखतंय. झोपेत हात अंगाखाली आला असेल.

२० फेब्रुवारी

चहाचा कप हातातून सुटला. कपाचे कानच हल्ली बारीक करतात. दार ढकलताना कळ येते, दार जड आहे. नळ पिळताना कट्ट. आमच्या घरातली एक वस्तू धड नाही.

तेल लावून हात चोळून घेतला. चोळणारा म्हणाला, शीर शिरेवर चढलीये, उतरवतो. त्याने जे काही केलं त्यानंतर मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही.

बायको म्हणाली, अहो, कप सुटला हे समजू शकते, पण तुम्ही शर्टाचं बटण डाव्या हाताने लावता ते कधीपासून? या बाईला दुसरं काही दिसत नाही का?

२८ फेब्रुवारी

हाताच्या डॉक्टरांकडे गेलो. म्हणजे मला नेलं. मुलीने परस्पर नंबर लावून ठेवला होता. कॉलेजात जायला लागल्यापासून सगळं परस्पर करते.

डॉक्टरांनी मूठ घट्ट आवळायला लावून पुन्हा एक्स-रे काढला, मग त्या बोगद्यात हात घालून एमआरआय. म्हणाले, मनगटात आठ बारकी हाडं असतात, त्यातल्या दोघांना बांधून ठेवणारा लिगामेंट फाटलाय. म्हणून मूठ आवळली की त्या दोघांत फट पडते. पडद्यावर दाखवली. फट होती.

मी म्हणालो, अहो, फट पडली तर आम्ही जाळीची पट्टी चिकटवतो, वर पुट्टी मारतो, घासतो, विषय संपला. डॉक्टर चष्म्यावरून बघत राहिले. मग विचारलं, काम काय करता? मी साचा ओढायची हालचाल करून दाखवली. अर्धीच झाली. ते म्हणाले, बरोबर याच हालचालीचा प्रश्न आहे. ऑपरेशन लवकर केलं तर लिगामेंट जागच्या जागी शिवता येईल. वाट बघत बसलात तर शिवायला काही उरणार नाही, हाडं एकमेकांवर घासतील आणि साचा ओढणं विसरा. शिवल्यावरही सहा महिने जड काम बंद.

सहा महिने! इतरांना लागत असतील. मी कुठलंही काम अर्ध्या वेळात करतो.

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, आधीच आला असतात तर? मी म्हणालो, आधी आलो होतो, हाड मोडलं नाही म्हणाले होते. माझा मुद्दा बिनतोड होता तरी तिने मान हलवली.

९ मार्च

ऑपरेशन झालं. हात खांद्यापासून बधिर केला, मी जागा. पडद्याआड ड्रिलचा आवाज. ड्रिल मारणारा घाई करत होता, आवाजावरून कळतं मला.

पण खरा संताप तो नाही. ऑपरेशन थिएटरचं छत! पेशंटला उताणं झोपवतात, दुसरीकडे बघायची सोय नाही, आणि वर जॉइंटला ही एवढी भेग, दिव्याच्या कडेने माल फुगलेला. नर्सबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, काका, बोलू नका, हात हलतो. मला काका म्हणाल्या.

लिगामेंट शिवला. दोन तारा आरपार घालून हाडं जागेवर धरली आहेत, टोकं मागच्या बाजूने बाहेर. दोन महिन्यांनी काढणार. तोवर हाडं हलता कामा नयेत, डॉक्टरांनी तीनदा सांगितलं. मी काय बहिरा आहे?

१५ मार्च

ठराव. एक, कुणावर ओरडायचं नाही. दोन, सभागृहाकडे फिरकायचं नाही. तीन, हात उंच धरून बसायचं.

१६ मार्च

सभागृहावर गेलो. ओरडलो. हात उंच धरला होता, तेवढं पाळलं.

२३ मार्च

टाके काढले आणि प्लास्टर घातलं. हे लिहितानाही राग उतरलेला नाही.

हॉस्पिटलात प्लास्टर रूम म्हणून खोली आहे. तिथे एक माणूस. त्यालाही प्लास्टरवालाच म्हणतात, हे मी चालवून घेतलं. पण काम? पट्टी बादलीत बुडवली, पिळली, गुंडाळली. पाणी किती, पावडर किती, माल किती घट्ट, काही नाही. जाडी एकीकडे इतकी, दुसरीकडे तितकी. कडेला धार नाही. हाताने दोनदा चोपडलं, झालं फिनिशिंग! माझ्या साइटवर असं कुणी केलं असतं तर संध्याकाळी घरी गेला असता आणि परत आला नसता.

वर मला सांगतो, भिजवू नका, आत काही खुपसू नका, सैल झालं तर इथे या, आम्ही बदलून देऊ. प्लास्टर कसं सांभाळायचं हे मला सांगतो! मला!

मी त्याला म्हणालो, कडेला निदान एक बारीक गोलाई तरी द्यायची. तो म्हणाला, काका, हे काढून टाकायचंच असतं. ही वृत्ती.

३० मार्च

मॅनेजर सभागृहात माझ्यासमोर मेहुण्याला विचारत होता, मधलं गोल कधी घेणार? मी समोर उभा. उजव्या हाताला पांढरा सोटा बांधलेला मोठा मनुष्य दिसत नाही का? मेहुणा म्हणाला, दाजी सांगतील तेव्हा. बरोबर बोलला. तरी मला त्याचा स्वर आवडला नाही.

नंतर मला म्हणतो, दाजी, तुम्ही खाली खुर्ची टाकून बसा, सांगत राहा, मी ओढतो. मी सांगितलं, गोल सांगून होत नाही, हाताने होतं. माझा हात येईपर्यंत गोलाला हात लावायचा नाही.

८ एप्रिल

प्लास्टर सैल झालंय. सूज उतरली, आत हात खुळखुळतोय. अंगठ्याजवळ भुगा पडतो. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं!

बायकोने हॉस्पिटलात फोन केला. परवा सकाळी या म्हणाले. परवा! फक्त जागेवर राहायचं आणि हाड धरायचं एवढंच काम असलेली वस्तू तीही धड करत नाही, आणि परवा या. तोवर हाडं हलली तर जबाबदार कोण?

विचार करतोय.

९ एप्रिल, सकाळ

विचार झाला. बायको कामावर, मुलगी कॉलेजात. घरी शांतता. माझं प्लास्टर मीच घालणार.

माल घरात आहे. साधा नाही, नक्षीकामाचा, मैद्यासारखा. चिवटपणासाठी काथ्या घालणार, म्हणजे भेग जाण्याचा प्रश्नच नाही. त्या प्लास्टरवाल्याला दाखवतोच.

नंतर

जुनं कापून काढलं. पत्रा कापायची कात्री, डावा हात. कात्रीही बोथट, मेहुणा वापरतो ना!

आतून हात निघाला तो माझा वाटेना. बारीक, पांढरट, साल सुटलेला. पाठीमागे कापसाखाली तारांची टोकं. जरा वेळ बसून राहिलो. हात मांडीवर ठेवताना मनगट खाली कललं आणि कट्ट. तार असताना आवाज यायला नको होता. आला असेल खुर्चीचा.

नंतर

झालं. काय सुंदर काम आहे! सगळीकडे सारखी जाडी, भरपूर. बोटांजवळच्या कडेला दुहेरी गोलाई, कोपराकडे बारीक मण्यांची ओळ. एका हाताने, तेही डाव्या. फोटो काढला.

गरम होतंय. माल बसताना गरम होतोच. चांगल्या मालाची खूण.

नंतर

बरंच गरम होतंय.

नंतर

आत कापूस घालायला हवा होता की काय. छताला कापूस घालत नाहीत.

नंतर

काढायला गेलो. निघत नाही. काथ्या.

१० एप्रिल

हॉस्पिटल. आख्खी प्लास्टर रूम गोळा झाली. त्या माणसाने कापायची मशीन लावली, ती काथ्यात अडकली. दोनदा. तो म्हणाला, असं प्लास्टर मी उभ्या जन्मात कापलं नाही. मग कडेचा तुकडा उचलून दिव्याखाली धरला, मण्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, काम मात्र देखणं आहे हो. कालपासून माझ्याशी नीट बोललेला पहिला माणूस.

मग आतलं दिसलं. भाजलं होतं. मोठे फोड. एक तार वाकलेली, एक सरकलेली.

डॉक्टर आले, एक्स-रे बघितला. ते ओरडले नाहीत. मला ओरडणाऱ्यांशी बोलता येतं, गप्प बसणाऱ्यांशी काय बोलणार? शेवटी म्हणाले, फट परत पडलीये, शिवण सुटली. आता आधी भाजलेलं भरू दे, मग दुसरं ऑपरेशन. लिगामेंट शिवण्यासारखा राहिलेला नाही, तुमच्याच हातातल्या दोरीची, म्हणजे स्नायूच्या टेंडनची, एक पट्टी काढून तिने हाडं बांधू. मनगट पहिल्यासारखं वळणार नाही. निम्मं वळलं तरी आनंद माना. साचा ओढता येईल का, मी विचारलं. म्हणाले, आत्ता मला विचारू नका.

मी म्हणालो, तुमच्या माणसाने पहिल्यांदाच घट्ट घातलं असतं तर ही वेळ आली नसती. यावर बायको उठून बाहेर गेली.

घरी आल्यावर तिने एकच वाक्य उच्चारलं. म्हणाली, ओल्या छताला बोट लावलं म्हणून तुम्ही माणसं कामावरून काढलीत. आणि स्वयंपाकघरात गेली. उत्तर तयार होतं, पण ती भांडी फार आपटत होती.

४ मे

दुसरं ऑपरेशन. छताची भेग तशीच आहे. वाढलीये.

१९ मे

पुन्हा प्लास्टर. तोच माणूस. मी तोंड बंद ठेवलं. जवळजवळ. जाताना तो म्हणाला, काका, घरात काथ्या आहे का अजून? आणि मुलगी हसली. माझ्या बाजूचं कुणी नाही.

११ जून

मुलीच्या मोबाइलवर सभागृहाचा फोटो. छताच्या मधोमध गोल. पूर्ण! मला कुणी सांगितलं नाही. घरात बायकोला माहीत, मुलीला माहीत, मॅनेजरला माहीत.

मेहुण्याला फोन केला. बोलायचं ते सगळं बोललो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, मग म्हणाला, दाजी, मॅनेजर दुसऱ्या माणसाला आणत होता. आपलं काम दुसऱ्याच्या हातात गेलं असतं. मी म्हणालो, मग आत्ता कुणाच्या हातात गेलं? तो म्हणाला, घरातच आहे ना. असल्या गोड बोलण्याने माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

फोटो मोठा करकरून बघितला. गोल दिसतंय. फोटोत सगळंच गोल दिसतं.

७ जुलै

तारा काढल्या. हात मोकळा. आता बघाच.

८ जुलै

हात वळत नाही. पहिलाच दिवस आहे.

१५ जुलै

फिजिओथेरपी. समोर माझ्या मुलीच्या वयाची बाई. म्हणाली, टॉवेलची घडी घाला. मी म्हणालो, घरी बायको घालते. म्हणाली, तुम्ही घाला. घातली. ती घडी बघून मलाच लाज वाटली, पण टॉवेलच जाड होता.

मग एका डबीतून हिरवा गोळा काढला आणि म्हणाली, ही पुट्टी, रोज सकाळ संध्याकाळ दाबायची. मला पुट्टी देते! आयुष्य गेलं माझं पुट्टीत! बोटाने चाचपून बघितली. ना पकड, ना भरणा. एकदम फालतू माल.

२२ जुलै

व्यायाम केले. म्हणजे करणार होतो, पाहुणे आले.

२३ जुलै

व्यायाम, मनातल्या मनात. डोक्यातून हाताला आज्ञा जाते, मुख्य काम तेच.

३० जुलै

बाथरूममध्ये नळामागे भोक आहे, मुंग्या येतात. हिरवी पुट्टी लावून बुजवलं. निदान काहीतरी उपयोग झाला. दोन दिवस झाले तरी वाळत नाही. म्हटलं ना, फालतू माल.

६ ऑगस्ट

फिजिओवालीने विचारलं, पुट्टी दाबता ना? म्हणालो, अगदी आत बसेपर्यंत दाबली. खोटं बोललो नाही. तिने हात मोजून बघितला आणि तोंड वाकडं केलं. म्हणाली, काका, ऑपरेशन डॉक्टरांनी केलं, उरलेलं तुम्हीच करायचंय, माझ्याने होणार नाही. यांना फी घेऊन कामं दुसऱ्यावर ढकलायची सवय.

उद्घाटन या महिन्याअखेर. मी जाणार. टॉर्च घेऊन जाणार. कॉर्निसवर कडेने उजेड मारला की खरं काय ते दिसतं. मग मॅनेजरला कळेल ‘बॉर्डर’ कुणाची आणि कॉर्निस कुणाची.

२९ ऑगस्ट

उद्घाटनाला गेलो. सगळे होते. बायको, मुलगी, मेहुणा नव्या शर्टात, मॅनेजर, बरीच माणसं.

आधी गोल बघितलं. मान दुखेपर्यंत बघितलं. गोल होतं.

मग टॉर्च काढला. बायको हळूच म्हणाली, अहो, आज नको. मी भिंतीकडेने निघालो. मागची भिंत, साफ. उजवी, साफ. कोपरेसुद्धा जुळलेले. घाम फुटला मला. डावीकडे वळलो, आणि स्टेजजवळच्या खिडकीवर सापडलं! ही एवढी लाट. नक्षी आधी फुगलीये, मधे हिसका बसलाय, पुढे रेघ वाकडी. जीव भांड्यात पडला.

मग मी सोडतो काय! सगळ्यांसमोर मेहुण्याला हाक मारली. म्हणालो, हे काय आहे? आंधळ्यानेसुद्धा हाताने चाचपून सांगितलं असतं. हात हलला होता ओढताना. ज्याचा हात हलतो त्याने साच्याला शिवू नये, घरी बसावं. मॅनेजर वर बघायला लागला. माणसं जमली. मी टॉर्च फिरवून फिरवून दाखवलं. माझा आवाज सभागृहात छान घुमत होता, तेवढं मान्य करावं लागेल, छत चांगलं झालंय.

मेहुणा खाली बघत उभा. मला वाटलं, लाजला.

मुलगी जवळ आली. माझ्या हातातला टॉर्च घेतला, बंद केला. अगदी हळू म्हणाली, बाबा, ही तुमची खिडकी. फेब्रुवारीतली. तुम्ही बोट लावू नको म्हणाला होतात, म्हणून मामाने लावलं नाही.

माणसं पांगली. मॅनेजरला अचानक कुठेतरी काम निघालं.

मी मेहुण्याला म्हणालो, मोडून टाक. उद्याच मोड, नीट ओढ. तो म्हणाला, राहू दे दाजी. तुमचा हात बरा झाला की तुम्हीच करा, मी घमेलं धरतो.

टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला मी तिथल्या तिथे उत्तर देतो. नीट निरखून बघितलं त्याच्याकडे. टोमणा नव्हता. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

घरी आलो. बाथरूममध्ये जाऊन नळामागची पुट्टी डाव्या हाताने उकरून काढली. मुंग्या चिकटल्या होत्या, धुतल्या. आता उजव्या मुठीत घेऊन बसलोय. दबत नाहीये.